ऐंशी इंच कुणी ठरवले? जीपचा व्हीलबेस आणि खडकावरची बग्गी

मागच्या भागात आपण जबलपूरच्या शक्तिमान ट्रकची गोष्ट केली. आज त्याहून बऱ्याच लहान गाडीकडे वळायचं आहे, आणि तिच्या फक्त एका मापाकडे. ते माप म्हणजे व्हीलबेस, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधलं अंतर. एवढ्याशा विषयावर अख्खा भाग कशाला, असं काही जणांना वाटेल. पण हे माप चुकलं तर उभ्या चढावर गाडी मागे पलटते आणि आत बसलेला माणूस तिच्याखाली येतो. म्हणून आज यावर बोलायचं.

निमित्त इथलंच आहे. भिलाई हे पोलादाचं गाव. रशियाशी करार झाला तो फेब्रुवारी १९५५ मध्ये. त्या वेळी हा भाग जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कारखान्याबरोबर विदर्भातून कितीतरी मराठी कुटुंबं इथे आली आणि इथलीच झाली. त्यांची तिसरी पिढी आता इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. वेल्डिंग, कटिंग, लेथ हे शब्द इथल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. त्यामुळे चार मित्र एकत्र आले की कुणीतरी म्हणतंच, ‘आपण बग्गी बनवू.’ २००७ पासून पीथमपूरला ‘बाहा एसएई इंडिया’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा सुरू झाली, तेव्हापासून ही हौस आणखी वाढली.

अशी मुलं कागदावरचं चित्र घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेक चित्रांवर व्हीलबेस लिहिलेला असतो ८० इंच. का, म्हणून विचारलं की उत्तर येतं, ‘सर, जीपचा तोच होता ना!’

उत्तर खरं आहे. पण जीपला ते माप कुणी आणि कशासाठी दिलं, ते आधी पाहू.

सैन्याची ऑर्डर

जुलै १९४०. फ्रान्स पडला होता. अमेरिकन सैन्याला मोटारसायकल आणि जड ट्रक यांच्या मधली एक हलकी गाडी हवी होती. त्यांनी १३५ कंपन्यांना पत्रं पाठवली. मागणी अशी: चारही चाकांना ताकद, तीन माणसं, एक मशीनगन, सुमारे २७० किलो बोजा, आणि गाडीचं स्वतःचं वजन फक्त १३०० पौंड, म्हणजे ५९० किलो. व्हीलबेस आधी ७५ इंच मागितला होता, तो पुढे ८० पर्यंत वाढवला. पहिला नमुना ४९ दिवसांत हवा होता.

ही मुदत बँटम नावाच्या छोट्या कंपनीने स्वीकारली. कार्ल प्रॉब्स्ट या इंजिनिअरने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी बाल्टिमोरजवळच्या होलाबर्ड छावणीत पोचली. वजनाची अट मात्र कुणालाच पाळता आली नाही. शेवटी विलिसची जी गाडी पक्की झाली, ती एक टनाच्या वर गेली. व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, ज्याला ट्रॅक म्हणतात, ४९ इंच. विलिस आणि फोर्ड यांनी मिळून अशा सहा लाखांच्या वर गाड्या बनवल्या.

आता त्या मागणीकडे नीट बघा. खडक हा शब्द तिच्यात कुठेच नाही. सैन्याला हवी होती लपणारी, बुटकी, हलकी गाडी. चिखलात रुतली तर चार जवानांनी ढकलून काढावी अशी. म्हणून ती आखूड झाली. पुढे याच आखूडपणामुळे ती विमानात आणि ग्लायडरमध्येही मावली. मार्च १९४४ मध्ये चिंडिटांच्या मोहिमेत आसामातून ब्रह्मदेशाच्या जंगलात ग्लायडर उतरले, त्यांत खेचरांबरोबर जीपही होत्या.

आपल्या सैन्यातलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. सप्टेंबर १९६५, खेमकरणजवळचं असल उत्तर. ४ ग्रेनेडियर्सचे कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांच्याकडे जीपवर बसवलेली १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ होती. समोर पॅटन रणगाडे. हमीद यांनी उसाच्या आडोशाने जीप जवळ नेली, गोळा डागला, लगेच जागा बदलली, पुन्हा गोळा डागला. अनेक पॅटन फोडून ते १० सप्टेंबरला धारातीर्थी पडले. त्यांना परमवीर चक्र मिळालं. शौर्य त्यांचं होतं, त्यात गाडीचा वाटा नाही. पण उभ्या पिकात दडेल आणि चटकन वळेल अशी गाडी हाताशी होती, हेही खरं. त्या कामाला ८० इंच हे अगदी योग्य उत्तर होतं.

नक्कल आणि बदल

युद्ध संपल्यावर हे माप जगभर पसरलं. इंग्लंडमध्ये मॉरिस विल्क्स यांनी लँड रोव्हरचा पहिला नमुना जीपच्याच चासीवर उभा केला. त्यामुळे १९४८ ची लँड रोव्हरही ८० इंचांची निघाली. पण वापर सुरू झाल्यावर शेतकऱ्याला मागे सामान ठेवायला जागा पुरेना. १९५४ च्या मॉडेलमध्ये ते ८६ झाले, १९५६ मध्ये ८८.

आपल्याकडे महिंद्रने १९४७ पासून मुंबईत विलिसचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात केली. सीजे ३बी हे मॉडेल ८० इंचांचंच होतं आणि आपल्या सैन्यात, पोलिसांत, वनखात्यात ते दीर्घकाळ राहिलं. मग लोकांना दहा माणसं बसवायची होती. विदर्भ-मराठवाड्यातली काळी-पिवळी आठवा. एमएम ५४० मध्ये व्हीलबेस ९१ इंच झाला.

१९८५ मध्ये मारुती जिप्सी आली. तिचं मूळ असलेल्या सुझुकीचं आखूड रूप बाहेरच्या देशांत २०३० मिलिमीटरचं होतं, म्हणजे पुन्हा ८० इंचच. भारताने लांब रूप घेतलं, २३७५ मिलिमीटरचं, म्हणजे साडेत्र्याण्णव इंच. १९९३ मध्ये त्या गाडीचा ट्रॅकही ९० मिलिमीटरने रुंद केला. अरुंद गाडी वळणावर डुलते, ही तक्रार त्याने बरीच कमी झाली. आम्ही सैन्यात जोंगाही चालवली, जिप्सीही चालवली. जोंगा जबलपूरची, मूळ निसान पेट्रोलची, चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. तिच्या ताकदीबद्दल शंका नव्हती. पण डोंगरातल्या अरुंद वाटेवर ड्रायव्हर मनापासून खूश असायचा तो जिप्सीवर.

तिकडे अमेरिकेतली जीप १९७६ च्या सीजे ७ मध्ये ९३ इंचांच्या पुढे गेली. आपली २०१० ची थार २४३० मिलिमीटर, २०२० ची २४५० मिलिमीटर. म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या कंपन्या फिरून फिरून ९३ ते ९७ इंचांच्या आसपास आल्या. कारण सोपं आहे. या गाड्या आठवड्याचे सहा दिवस डांबरी रस्त्यावर धावतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने सरळ राहणं, चार माणसं, सामान, पार्किंग या सगळ्याची ती तडजोड आहे. यातही खडकाचा विचार दुय्यमच.

खडकाने काय मागितलं

खडकावर गाडी चढवण्याचा खेळ अमेरिकेत वाढला. कॅलिफोर्नियाच्या रुबिकॉन वाटेवर १९५३ मध्ये जीपवाल्यांचा पहिला जमाव निघाला. युटामधल्या मोआबला १९६७ पासून ईस्टरच्या सुट्टीत जीप जमू लागल्या. तेव्हा गाड्या साध्याच होत्या, मूळ मापाच्या. मग टायर मोठे होत गेले. ३३ इंच, ३५, ३७, ४०. आणि टायर मोठा झाला की व्हीलबेस आपोआप तोकडा पडतो.

हिशेब करून बघा. जुन्या जीपच्या टायरचा व्यास सुमारे ७२५ मिलिमीटर. २०३२ च्या व्हीलबेसमध्ये पुढच्या टायरची मागची कड आणि मागच्या टायरची पुढची कड यांत १३०० मिलिमीटर उरायचे. त्याच गाडीला ३७ इंची टायर लावला तर उरतात जेमतेम १०९० मिलिमीटर. त्यात ड्रायव्हर, गिअरबॉक्स आणि प्रोपेलर शाफ्ट बसवायचे कसे? म्हणून खडकावरच्या बग्ग्या हळूहळू १०० इंच आणि त्याच्या पुढे सरकल्या. २००७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जॉन्सन व्हॅलीत ‘किंग ऑफ द हॅमर्स’ ही शर्यत सुरू झाली. तिथे वेगही लागतो, त्यामुळे तिथल्या मोठ्या गाड्या आणखी लांब.

पण जागा हे एकच कारण नव्हे. खरं कारण चढाचं आहे. कागद-पेन्सिल घ्या.

समजा, ड्रायव्हरसकट गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५० मिलिमीटर उंच आहे आणि दोन्ही आसांच्या बरोबर मध्यावर आहे. ८० इंचांची गाडी उभी असताना ५७ अंशांच्या चढावर मागे पलटेल. १०० इंचांची, म्हणजे २५४० मिलिमीटरची, ६३ अंशांवर. तुम्ही म्हणाल, सहाच अंशांचा फरक. आता ३० अंशांच्या चढावर दोन फुटी खडक ठेवा आणि पुढची दोन्ही चाकं त्यावर चढवा. आखूड गाडी त्या खडकामुळे आणखी १७ अंश उचलली जाते. एकूण ४७. पलटायला उरले १० अंश. लांब गाडी १४ अंशांहून थोडी कमीच उचलली जाते. एकूण ४४. तिच्याकडे उरले १९ अंश. म्हणजे हाताशी असलेला बचाव जवळपास दुप्पट झाला.

आणि हे गाडी स्थिर उभी असताना. ॲक्सिलरेटर जरा जोरात दाबला, टायरने एकदम पकड घेतली, की ते १० अंश क्षणात संपतात. ३५ अंशांच्या साध्या चढावरसुद्धा ८० इंची गाडीचं ७२ टक्के वजन मागच्या चाकांवर गेलेलं असतं. पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी ऐकत नाही.

मग लांबच करत जावं का? नाही. लांब गाडीचं पोट टेकतं. पोटाखाली ३०० मिलिमीटर मोकळे असतील तर ८० इंची गाडी सुमारे ३३ अंशांचा उंचवटा ओलांडते, १०० इंची गाडी साडेसव्वीस अंशांचाच. तेवढाच उंचवटा ओलांडायचा असेल तर पोट आणखी ७५ मिलिमीटर वर न्यावं लागेल. टायरने ते साधायचं तर टायरचा व्यास सहा इंचांनी वाढला पाहिजे. म्हणजे ३१ च्या जागी ३७. मोठ्या टायरला मोठा आस, जाड शाफ्ट, दणकट डिफरेन्शियल. वजन आणि खर्च दोन्ही वाढले. वळायलाही जागा जास्त लागते. चाकं ३० अंश वळत असतील तर ८० इंची गाडी साधारण चार मीटर त्रिज्येत फिरते, १०० इंची पाच मीटरमध्ये. दोन खडकांच्या बेचक्यात तो एक मीटर फार महाग पडतो.

लांबीआधी उंची

आता या सगळ्या हिशेबातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा आकडा. त्याच ८० इंची गाडीचा गुरुत्वमध्य ६५० वरून ५५० मिलिमीटरवर आणा. पलटण्याचा कोन ५७ वरून साडेएकसष्ट अंशांच्या पुढे जातो. म्हणजे १०० मिलिमीटर खाली येण्याने जे मिळतं, ते जवळजवळ ३७० मिलिमीटर लांबी वाढवण्याइतकं आहे.

म्हणून मी मुलांना सांगतो, व्हीलबेस ठरवण्याआधी सीट कुठे येणार ते ठरवा. इंजिन किती खाली बसेल ते बघा. पेट्रोलची टाकी, बॅटरी, जादा चाक, विंच या जड वस्तू वर टांगू नका. इंजिन थोडं पुढे सरकवून ५५ टक्के वजन पुढच्या आसावर आणलं तरी पलटण्याच्या कोनात जवळपास अडीच अंशांची भर पडते, आणि त्यासाठी एक पाइपही जास्त लागत नाही. पोटाखाली उंची हवी असेल तर ती टायरने मिळवा. लांब स्प्रिंग लावून अख्खी गाडी उचलली की पोटाबरोबर ड्रायव्हरही वर जातो.

रुंदीचा हिशेब असाच. जुन्या जीपचा ४९ इंची ट्रॅक आणि ६५० मिलिमीटरचा गुरुत्वमध्य धरला तर आडव्या उतारावर ती साधारण ४४ अंशांवर कलंडेल. ट्रॅक १५०० मिलिमीटर केला की ४९ अंश. पण रुंद गाडी अरुंद वाटेत शिरत नाही. बाहा स्पर्धेच्या नियमात एकूण रुंदी ६४ इंचांवर बांधलेली आहे आणि तिथले मार्ग १०८ इंच लांबीची गाडी गृहीत धरून आखतात. ती गाडी छोट्या इंजिनावर मातीच्या मार्गावर धावते. तिचं माप खडकावर आणू नका. त्याच कारणाने गोव्यातल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजची गाडीही डोळे झाकून उचलू नका. २०१४ मध्ये पावसाळ्यात सुरू झालेल्या त्या स्पर्धेत चिखल, ओढे, झाडं आणि विंच यांचा कस लागतो. तिथे झाडांमधून वळणारी गाडी जिंकते.

मग माप किती?

आपल्याकडचे खडक बहुतेक दोन-अडीच फुटांचे, गोलसर, पावसाळ्यानंतर शेवाळलेले. टायर ३५ इंच, इंजिन जिप्सीचं किंवा तत्सम हलकं. अशा बग्गीला मी सुरुवात २५४० मिलिमीटरच्या आसपास करायला सांगेन, ट्रॅक १५०० ते १६०० मिलिमीटर. जिप्सीची चासी वापरत असाल तर २३७५ पासून तिथे पोचायला १६५ मिलिमीटर कमी पडतात. ते मागे ओढून काढण्यापेक्षा पुढचा आस पुढे सरकवून काढा. त्याने वजनाची वाटणी फार बिघडू न देता टायरला जागा मिळते, आणि समोरचा खडक बंपरला लागण्याआधी चाकाला लागतो. खडक साडेतीन-चार फुटांचे असतील तर हे माप पुरणार नाही. वाट झाडीची आणि चिखलाची असेल तर जिप्सीचे मूळ २३७५ पुरेसे आहेत.

पाइप कापण्याआधी एक काम करा. जमिनीवर खडूने चार चाकांच्या जागा आखा. जुने टायर आणून तिथे ठेवा. मध्ये खुर्ची ठेवून सगळ्यात उंच मित्राला हेल्मेट घालून बसवा. डोक्यावर पिंजऱ्याची जागा मोजा. मग जिथे गाडी चालवायची आहे त्या जागी टेप घेऊन जा आणि दहा खडक मोजा, उंची आणि दोन खडकांमधलं अंतर. हे दहा आकडे इंटरनेटवरच्या शंभर फोटोंपेक्षा जास्त कामाचे.

पिंजऱ्याच्या बाबतीत तडजोड नाही. बाहाच्या नियमांत मुख्य पाइप एक इंच बाहेरच्या व्यासाचा, तीन मिलिमीटर जाडीचा आणि किमान ०.१८ टक्के कार्बनच्या पोलादाचा लागतो. ते लहान इंजिनाच्या हलक्या गाडीसाठी. तुमची बग्गी जड असेल तर त्याहून मजबूत. घराच्या ग्रिलचा पाइप इथे चालत नाही, मग वेल्डर कितीही ओळखीचा असो. आणि अशी गाडी रस्त्यावर चालवायची नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीच्या रचनेत असे बदल करू देत नाही. बग्गी ट्रकवर चढवून न्यायची, म्हणजे ट्रकच्या हौद्याची लांबीही आधीच मोजून ठेवा. जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी हवी.

सैन्यात आम्हाला शिकवलं जायचं की आधी जमीन वाचा, मग योजना करा. १९४० च्या त्या अधिकाऱ्यांनी तेच केलं होतं. त्यांची जमीन युरोपातली शेतं आणि चिखल होती, आणि शत्रू समोर होता. त्यांनी आपल्या प्रश्नाला ८० इंच हे उत्तर काढलं. लँड रोव्हरने शेतकऱ्याच्या सामानासाठी ते बदललं, महिंद्रने दहा माणसांसाठी बदललं, मारुतीने आपल्या रस्त्यांसाठी लांब रूप निवडलं. पूज्य म्हणून ते माप कुणी जपलं नाही. तेव्हा तुमच्या चित्रावर ८० लिहिलं असेल तर खोडू नका लगेच. त्याच्या शेजारी तुमच्या खडकाची उंची, टायरचा व्यास आणि गुरुत्वमध्याची उंची लिहा आणि वरचा हिशेब करा. उत्तर ८० आलंच तर खुशाल ८० ठेवा.

पुढच्या भागात गिअरच्या प्रमाणाबद्दल बोलू, चालत्या माणसाच्या वेगाने गाडी खडकावर कशी चढवतात ते. तोवर बेल्ट बांधा, हेल्मेट घाला आणि उतारावर उभं राहून फोटो काढणाऱ्या मित्राला गाडीच्या मागून बाजूला करा. जय हिंद.